डोक्यात राहिलेली सुई

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खी गल्ली सुईताई म्हणते. मी नुसतं ताई म्हणतो, आणि डोकं फिरलं की 'अहो बाई' म्हणतो. गेल्या तीन-चार महिन्यांत 'अहो बाई' फार झालं.

खाली माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर तिची खोली आणि मध्ये सतरा पायऱ्यांचा लाकडी जिना. एकतीस वर्षं दुखणारी माणसं माझ्या काउंटरसमोरून वर गेली आहेत. मान वर न करता, नुसत्या आवाजावरून मी सांगतो कुणाचं काय दुखतंय. कंबरवाले कठडा धरतात, तो कुरकुरतो. गुडघेवाले प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवतात. डोकेदुखीवाले मात्र जिन्याच्या तोंडाशी थांबून मला विचारतात, "वर गर्दी आहे का हो?" मी सांगतो, "मी घड्याळं दुरुस्त करतो." त्यावर ते म्हणतात, "हो, ते दिसतंय. पण गर्दी आहे का?"

सगळे उपाय थकले की माणसं तिच्याकडे येतात. आधी मलम, मग गोळ्या, मग शेकायची पिशवी, मग शेजारणीच्या भावाने सांगितलेलं तेल, मग पट्टा, आणि सगळ्यांनी हात टेकले की, "चला, आता सुया तरी टोचून बघू." या 'तरी'चा मला भयंकर राग येतो. ताई सांगते, दहा वेळा यावं लागेल. माणूस मान डोलावतो आणि तीनदा येतो. जरा बरं वाटलं की चौथ्यांदा फिरकत नाही. गरज सरो, वैद्य मरो. चार महिन्यांनी तोच माणूस तीच कंबर घेऊन परत उगवतो आणि वर तोंड करून म्हणतो, "ताई, तुमच्या सुयांचा गुण टिकला नाही हो." मी खालून ऐकतो आणि माझ्या चिमट्यातला स्क्रू उडून कपाटाखाली जातो.

निवृत्त हेडबाईंचंच बघा. त्यांचा उजवा खांदा असा धरला होता की केस विंचरायला हात वर जाईना. नऊ वेळा आल्या. दहाव्या खेपेला त्यांनी ताईच्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरचा डबा स्वतःच्या हाताने खाली काढून दाखवला. आणि महिन्याभराने गल्लीत सांगत फिरल्या की नवी उशी घेतली म्हणून खांदा सुटला. मी तापलो. जिना चढून वर गेलो आणि ताईला म्हणालो, "अहो बाई, ऐकलंत का?"

"ऐकलं," ती म्हणाली. "सुटला ना खांदा? मग होऊ दे उशीचं नाव."

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

या कामात ती आली ती स्वतःच्याच डोक्यापायी. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर कानांवर हेडफोन आणि समोर लुकलुकणारे दिवे. तिथे तिला अर्धशिशी लागली. अर्धं डोकं उठलं की ती घरातले सगळे पडदे ओढून जमिनीवर आडवी व्हायची आणि आम्ही भावंडं चपला हातात घेऊन चालायचो. सगळं करून झालं. शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, जे सुया टोचायचे. आमची आई म्हणाली, "दुखतंय डोकं आणि टोचणार हातापायाला? जखम मांडीला आणि मलम शेंडीला!" तरी ताई गेली. महिन्याला सहा वेळा उठणारं डोकं पुढच्या पावसाळ्यापर्यंत महिन्याला एकदा उठायला लागलं. पूर्ण थांबलं असं ती कधीच म्हणाली नाही, आजही म्हणत नाही. पण एवढ्यावर तिने पक्की नोकरी सोडली आणि त्या म्हाताऱ्यापाशी शिकायला बसली.

शिकणं म्हणजे काय, तर पहिलं वर्षभर साबणाची वडी. वडीत सुई सरळ घालायची, फिरवायची, सरळ काढायची. रोज दोनशे वेळा. आमच्या घरात वर्षभर सगळ्यांनी भोकाभोकांच्या साबणाने आंघोळ केली. दुसऱ्या वर्षी ती स्वतःच्या पायांवर आली. गुडघ्याखाली बोटभर अंतरावर सुई घालून बसायची आणि आम्हाला सांगायची, "दुखत नाही रे, जड वाटतं. आतून कुणी अंगठा दाबल्यासारखं." तिसऱ्या वर्षी ती मला म्हणाली, "चल, तू झोप. माझा पहिला पेशंट तू."

मी पळालो. मी सुईला घाबरतो. लिहून टाकलं, आता हसा.

तेव्हापासून एकतीस वर्षं ती मला 'एकदा झोप' म्हणते आहे आणि एकतीस वर्षं मला त्या दिवशी नेमकं काहीतरी काम निघतं. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून घड्याळाच्या पोटात बघत बसायचं, हा माझा धंदा. पन्नाशीच्या आतच माझी मान लाकूड झाली. मी पट्टा लावतो, शेकतो, मलम चोळतो. माझी बायको पाहुण्यांसमोर सांगते, "सख्खी बहीण वर बसलीये आणि हे गावभर मानेचे डॉक्टर शोधतायत. काखेत कळसा नि गावाला वळसा!" पाहुणे हसतात. मान दुखत असल्यामुळे मला मान फिरवून तिच्याकडे रागाने बघताही येत नाही.

ताईची खोली मी चिडून चिडून इतक्या वेळा बघितली आहे की डोळे मिटून काढून दाखवीन. तीन खाटा, मध्ये निळे पडदे. प्रत्येक खाटेच्या उशाशी खिळ्याला टांगलेली एक पाटी आणि दोऱ्याने बांधलेला खडू. ही पाटी म्हाताऱ्या डॉक्टरांची शिस्त. सुई घालताना मोठ्याने आकडा म्हणायचा आणि पाटीवर एक रेघ ओढायची. काढताना एकेक रेघ पुसायची. पाटी कोरी झाल्याशिवाय माणसाने उठायचं नाही. आणि डोक्यात सुया असतील तर सगळ्यात शेवटी दोन्ही हात केसांतून सावकाश फिरवायचे, कानामागून शेंड्यापर्यंत. डॉक्टर म्हणायचे, पाटी चुकेल, डोळे चुकतील, हात चुकत नाही.

दुसरी शिस्त तिची स्वतःची. जे आपलं काम नाही त्याला हात लावायचा नाही. एकदा एक दुकानदार छाती चोळत वर आला आणि म्हणाला, ताई, गॅस झालाय, दोन सुया मारा. ताईने त्याला खाटेवर बसूही दिलं नाही. खिडकीतून मला हाक मारली, माझं दुकान बंद करायला लावलं आणि मला त्याच्याबरोबर हॉस्पिटलात पाठवलं. तो वाचला. पुढे कित्येक दिवस तो सगळ्यांना सांगायचा, "सुईताईंना नाही जमलं हो, शेवटी हॉस्पिटलातच जावं लागलं." आता बोला.

असं सगळं चाललं होतं. आणि तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला.

भला माणूस. दाट कुरळे केस, निम्मे पिकलेले. बसमधल्या पोरांच्या कलकलाटाने डोकं दुखायचं त्याचं, रोज दुपारी. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब तपासला, काही सापडलं नाही, म्हणून तो वर आला. चौथी की पाचवी खेप होती. सकाळच्या फेरीनंतर आला, वीस मिनिटं झोपला, उठला, जाताना मला हात करून गेला.

संध्याकाळी तो परत आला. पुढे तो, मागे त्याची बायको, तोंडावर पदर दाबलेला. माझ्या काउंटरवरच्या दिव्याखालून जाताना त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी भिंग काढून बघितलं. टाळूच्या जरा मागे, केसांच्या जंगलात, सुई.

मी त्यांच्या मागोमाग वर धावलो. मान दुखत होती तरी धावलो.

"काही नाही हो ताई," ड्रायव्हर हसत म्हणाला, "एक नग तुमचा माझ्याकडे राहिला. ही कंगवा घेऊन आली तेव्हा कळलं."

ताईचा चेहरा साबणासारखा पांढरा पडला. तिने त्याला बसवलं, सुई काढली, कापूस दाबून धरला. मग त्या दोघांसमोर हात जोडले. "माझी चूक झाली. फार मोठी चूक झाली. तुम्ही आता सरळ डॉक्टरांकडे जाऊन दाखवून या. काही झालं तर जबाबदारी माझी."

"अहो, होतंय काय! आज दुपारी पन्नास पोरं कोकलत होती, आणि डोकं बघा कसं गार!" ड्रायव्हर म्हणाला. "मी तर म्हणतो, परत घाला ती तिथंच."

त्याची बायको म्हणाली, "आज पहिल्यांदा घरी येऊन माझ्याशी नीट बोलले हो, ताई."

ताईने त्यांना जवळजवळ हाकललं. ते डॉक्टरकडे गेले, डॉक्टरांनी सांगितलं काही झालेलं नाही. विषय तिथे संपायला हवा होता. पण त्या संध्याकाळी उतरताना जिन्यात त्या दोघांना हेडबाई भेटल्या होत्या.

हेडबाईंना एवढं पुरे. उचलली जीभ लावली टाळ्याला. दोन दिवसांत गल्लीत बातमी झाली की सुईताईंनी नवा उपचार काढलाय. दिवसभराची सुई. डोक्यात घालून सोडून देतात, माणूस कामावर जातो, संध्याकाळी येऊन काढतात. परदेशात म्हणे असंच करतात. परदेशात कोण करतं, कुठे करतात, कुणी विचारलं नाही.

आणि मग जिना वाजायला लागला. असा कधी वाजला नव्हता. सकाळी मी कुलूप काढायच्या आधी पायऱ्यांवर सात-आठ माणसं बसलेली. ज्यांनी तीन खेपांत ताईला सोडलं होतं ते सगळे परत आले. छातीवाला दुकानदार आला. हेडबाई तर रोज, आता उशीचं नावही काढत नव्हत्या. एकतीस वर्षं या बाईने एकेक रेघ ओढून, एकेक रेघ पुसून काम केलं, तेव्हा कुणी शब्दाने कौतुक केलं नाही. आयुष्यात एकदा चुकली, तर तिची आरती! सांगा, डोकं फिरेल की नाही?

ताई प्रत्येकाला सांगायची, "अहो, ती चुकून राहिली. विसरले मी."

माणसं डोळे मिचकावायची. "कळलं, ताई. तुम्ही नाही सांगणार."

मग तिने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावलं: 'ड्रायव्हरसाहेबांच्या डोक्यात राहिलेली सुई हा उपचार नव्हता. ती माझी चूक होती.' हेडबाईंनी तो पुठ्ठा मोठ्याने वाचला आणि जिन्यावरच्या सगळ्यांना म्हणाल्या, "बघा! याला म्हणतात नम्रता." एकाने त्याचा फोटो काढून घेतला. एका बाईंनी तर ताईला हळूच विचारलं, माझ्या दोन ठेवाल का?

मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. एका दुपारी वर जाऊन मी म्हणालो, "ताई, जाऊ दे ना. माणसं येतायत ती येऊ देत. आल्यावर तू नेहमीचाच उपचार कर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पायऱ्या उतरलो.

"तू पण?" ती म्हणाली. "तुझ्या दुकानात कुणी येऊन म्हणालं, तुम्ही घड्याळात स्क्रू विसरलात म्हणून ते छान चालतंय, तर तुला चालेल?"

नाही चालणार. पण तेव्हा मी कबूल केलं नाही. "अहो बाई, सगळं जग खोटं आणि तुम्ही एकट्या खऱ्या," असं काहीतरी बोलून मी खाली आलो आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसलो.

मला वाटत होतं तिचा संताप लोकांवर आहे. तो लोकांवर नव्हताच, हे मला एका रविवारी सकाळी कळलं. रविवारी तिची खोली बंद असते. तिचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं म्हणून मी शिडी घेऊन वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ती मधल्या खाटेवर बसली होती, डोळे मिटून, डावा हात मांडीवर उताणा. उजव्या हातात सुई. अंगठ्याच्या पेरावर टोचत होती, मग पहिल्या बोटाच्या, मग मधल्या. बोटांवर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. ती एकदाही कचरली नाही.

"ताई, काय करतेस?"

ती दचकली नाही. डोळे उघडून बोटांकडे बघत म्हणाली, "दोन्ही हात सारखेच झालेत. लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लागत नाही. टोचलेलं कळत नाही. शुगर आहे ना मला, बारा वर्षं. डॉक्टर म्हणाले नसा गेल्यात. आधी पायाची बोटं गेली. आता दोन वर्षं ही."

"दोन वर्षं! आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगून? तू आरडाओरडा केला असतास. आता करतोयस तसा."

मी खरंच ओरडत होतो. शिडी भिंतीला टेकवली आणि खाली बसलो.

"रेघ ओढायला विसरले त्या दिवशी," ती म्हणाली. "त्याचं डोकं शांत होईना म्हणून शेवटी एक सुई जादा घातली, तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक आली, आणि पाटीवर लिहायची राहिली. ते एक वेळ समजून घेता येतं. माणूस विसरतं. पण मी हात फिरवला होता रे. दोन्ही हात. कानामागून शेंड्यापर्यंत, नेहमीसारखा. आणि मला लागली नाही. उभी सुई माझ्या बोटांखालून गेली आणि मला लागली नाही."

मी लगेच उपाय सांगायला लागलो. रंगीत मुठीच्या सुया घे म्हटलं. चष्मा बदल म्हटलं. माझं भिंग लाव डोळ्याला.

"भिंगाने जागा दिसत नाही. जागा हाताला सापडते. अंगठा ठेवला की खाली खळगा लागतो, तिथे घालायची. हल्ली मी तीन-तीनदा चाचपते. सवयीने घालते, बरोबर बसते बहुतेक. बहुतेक!" हा शब्द तिने असा उच्चारला की थुंकलीच. "आणि हे विचारायचं कुणाला? रोज खाली रांगेत बसतात त्यांना? ताई, तुमच्या हाताला गुण आहे हो, असंच म्हणणार ते. गेले तीन महिने ओरडून ओरडून सांगतेय, चुकले, चुकले. एक माणूस हो म्हणत नाही."

मग तिने माझ्याकडे बघितलं.

"तू झोप," ती म्हणाली.

"काय?"

"तू कधी माझं कौतुक केलेलं नाहीस. तू झोप. घालताना मी डोळे उघडे ठेवीन. काढताना मिटीन. पाटी नाही, मोठ्याने मोजणं नाही. नुसता हात. तू मनात मोज, आणि खरं सांग."

मला त्या दिवशी कुठलंच काम नव्हतं. रविवार होता. मी फार शोधलं, खरंच नव्हतं. माझ्या बहिणीचा जन्मभराचा धंदा राहतो की जातो हे त्या खाटेवर ठरणार होतं, आणि मला मेल्याला घाम फुटला होता कशाचा, तर केसाएवढ्या सुईचा! स्वतःचीच लाज वाटली. शर्ट काढला आणि पालथा पडलो.

तिने आधी मान चाचपली. अंगठा एका जागी ठेवला, उचलला, जरा सरकवला, परत ठेवला. तीनदा. मग एक बारीक टिचकी बसली. मी दात-ओठ खाऊन वाट बघत राहिलो आणि कळलं की सुई गेलीसुद्धा. दुखलं नाही. मग आतून काहीतरी जड झालं, अगदी ती शिकायच्या दिवसांत म्हणायची तसं, आतून कुणी अंगठा दाबल्यासारखं.

"जड वाटलं?"

"हं."

मी मोजत होतो. मानेवर दोन. खांद्यांवर दोन. दोन्ही हातांवर, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मध्ये, एकेक. सहा. माझ्या डोक्यावर आता फक्त कानांभोवतीची झालर उरली आहे. त्या झालरीत तिने उजव्या कानामागे एक आणि डाव्या कानामागे एक घातली. आठ.

वीस मिनिटं मी पालथा पडून भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकत राहिलो. मागे पडत होतंच, शिवाय काट्याचा ठेकाही चुकत होता. पलीकडे ती स्टुलावर बसून होती.

मग उठली. "मिटले डोळे," म्हणाली.

तिचे हात फिरायला लागले. मानेवरच्या दोन निघाल्या. खांद्यांवरच्या दोन्ही निघाल्या, एकीला जरा वेळ लागला. हातांवरच्या निघाल्या. उजव्या कानामागची निघाली. सात वेळा ट्रेमध्ये बारीक आवाज झाला. मग तिने दोन्ही हात केसांतून फिरवले, कानामागून वर, सावकाश. डाव्या कानामागे तिची बोटं सुईवरून गेली. सुई वाकली, मला आत ओढ बसली. बोटं पुढे गेली. तिने परत एकदा फिरवले, त्याच सावकाशीने, आणि परत सुई वाकली.

"झालं," ती म्हणाली. आवाजात थोडा उजेड आला होता. "निघाल्या सगळ्या. ना?"

हो म्हटलं असतं तर? सुई मीच खाली जाऊन आरशात बघून काढली असती. उद्या जिना वाजला असता, परवा वाजला असता. जिन्यावरची सगळी माणसं हो म्हणत होती, त्यात आणखी एक. माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. खरं सांगतो, अगदी दातांपर्यंत आलं होतं.

"एक राहिली, ताई," मी म्हणालो.

तिचे हात केसांतच थांबले.

"डोळे उघडू का?" तिने विचारलं.

"नको. हात दे."

मी पालथ्यानेच हात मागे नेला, तिचं मनगट धरलं आणि तिची बोटं माझ्या डाव्या कानामागे नेऊन ठेवली. पहिल्यांदा सुई चिमटीत आली नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आली. ट्रेमध्ये आठवा आवाज झाला.

मी उठून बसलो. ती समोर स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, तसेच उताणे. मी शर्ट शोधायला मान डावीकडे वळवली. मग उजवीकडे वळवली. मग परत डावीकडे, पार खांद्यापर्यंत. कित्येक वर्षांत मान तिकडे गेली नव्हती. हे सांगायची ही वेळ नव्हती, हे मलाही कळत होतं. पण खरं बोलायचं ठरलं होतं ना?

"ताई," मी म्हणालो, "मान सुटली गं."

तिने मान वर केली. डोळे भरलेले, आणि संताप असा की मी जन्मात बघितला नव्हता.

"आता सांगतोस?" ती म्हणाली. "मूर्खा, एकतीस वर्षं मी तुला झोप म्हणत होते. एकतीस वर्षं! आणि आता सांगतोस?"

मग ती उठली, ओलं फडकं घेतलं आणि तिन्ही पाट्या पुसायला लागली. त्या कोऱ्याच होत्या.